शपथेबाहेरची गोळी

एक

तेरावा उरकला, पावणेरावळे पांगले आणि लुगडी वाटून द्यायची म्हणून इंद्रायणीची ट्रंक उघडली, तर तळाशी लग्नातल्या शालूच्या घडीत झोपेच्या गोळ्यांचं पाकीट निघालं. अर्धं रिकामं.

ओसरीवरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. इंद्रायणीचा दीर जानकू दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"म्हंजे परत सुरू केल्या व्हत्या," तो म्हणाला. "उगं न्हाई मग विहिरीकडं गेली."

इंद्रायणीची सतरा वर्षांची मुलगी प्रतीक्षा भिंतीला टेकून उभी होती, ती घसरत खाली आली.

शपथ तिच्या डोक्यावर होती. थोरला रुपेश तापानं गेला तेव्हा डॉक्टरांनी इंद्रायणीला झोपेची गोळी लावून दिली होती, महिनाभरासाठी. त्या महिन्याची काही वर्षं झाली. भाकरी थापता थापता बाईची मान परातीत जायची. शेवटी तिच्या भावानं, कुंडलिकनं, तिला पुण्याच्या एका डॉक्टर बाईंकडं नेलं. एकदम सोडली तर झटके येतील, म्हणून बाईंनी ब्लेडनं गोळीचा कोपरा तासून तासून कमी करायला शिकवलं. वर्ष लागलं. त्या वर्षात इंद्रायणी पानासारखी थरथरली, भांडं पडलं तरी किंचाळली, घामानं अंथरुणं भिजवली. पण अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीला गोळी सुटली. पाडव्याला न्हाऊन आली आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "आजपासनं गोळी म्हणून मी तोंडात घालणार न्हाई. घातली तर हिचं वाईट व्हईल."

आणि चैत्रात एका सकाळी ती मळ्यातल्या विहिरीत सापडली. पाय घसरला की कसं, कुणी पाहिलं नव्हतं.

बायका गेल्यावर प्रतीक्षा उठली आणि कुंडलिकसमोर येऊन बसली.

"मामा, तिनं शपथ मोडली का?"

"कोण म्हणतं?"

"ट्रंक म्हणते. माझ्यापेक्षा गोळी मोठी झाली का तिला? मला एवढंच पाहिजे. बाकी काही नको." तिनं त्याचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "खरं काय ते शोधून काढीन म्हणा."

"खरं काय ते शोधून काढीन," कुंडलिक म्हणाला. हे डोकं आधीच एका शपथेखाली आहे, हे त्याला हात उचलल्यावर सुचलं.

दोन

कुंडलिक पोलिसातला नव्हता. एस्टीत तिकीट तपासनीस म्हणून जन्म गेला होता, आता घोडेगावात निवृत्त होऊन बसला होता. भरल्या गाडीत चढावं, तोंडांवरून एकदा नजर फिरवावी आणि नेमक्या माणसापुढं हात पसरावा, ही त्याची ख्याती. बिनतिकिटाचं तोंड त्याला लांबून कळायचं. ते खिडकीबाहेर जरा जास्तच मन लावून बघतं.

पाकीट घेऊन तो उन्हात गेला. मागची बाजू वाचली. मुदत दिवाळीलाच संपलेली. एका खणात गोळी नव्हतीच, तुकडा होता, कडेनं ब्लेडनं तासलेला.

त्यानं जानकूला हाक मारली. "हे बघ. दारू सोडलेला माणूस परत प्यायला लागला, तर घरात ठेवलेली अर्धी बाटली तशीच सोडून दुकानात जाईल का?"

"न्हाई जायचा."

"हे सोडतानाचं पाकीट आहे. उरलेलं. तिनं परत सुरू केल्या असत्या, तर आधी हे संपलं असतं."

"मग ठिवलं कशापायी?"

जवळ आहे म्हणून लागत नाही, असं काही असेल. कुंडलिकला स्वतःचं आठवलं. बिडी सोडली तेव्हा त्यानंही एक बंडल फडताळात कितीतरी दिवस ठेवलं होतं.

"आणि दुसरं," तो म्हणाला. "झोपेची गोळी खाल्लेलं माणूस झोपतं. ही झोपत होती?"

जानकूनं मान हलवली. मग हळूच म्हणाला, "डोळ्याला डोळा लागत न्हवता तिच्या. दोन म्हैनं."

म्हणजे तिच्या पोटात काही गेलं असेल, तर ते झोपेचं नव्हतं. झोप उडवणारं होतं.

तीन (फक्त उत्तरं)

*इंद्रायणीचा नवरा हनुमंत बांधावर बसला होता. कुंडलिकनं काय काय विचारलं ते इथं नाही. हनुमंतालाही ते धड ऐकू येत नव्हतं.*

— बसा पावणं. दगुड तापलाय, हितं सावलीत बसा.

— न्हाई. हात न्हाई उचलला कधी. रुपेश गेल्यापासनं तर आवाजबी चढवला न्हाई.

— शिवरात्रीच्या सुमाराला बिघाडलं. त्याआधी झोपत व्हती चांगली. संक्रांतीला तर हसली. तिळगूळ माझ्या तोंडात कोंबला आन हसली.

— कांदं खुरपाय व्हती ना. वाफ्यात गाजर गवत माजलं व्हतं. त्येचं वारं लागलं का हात, मान, पापण्या, समदं लाल व्हायचं तिचं. खाजवून खाजवून रगत. दरसाली व्हतं, पाऊस पडंस्तवर जात न्हाई.

— गेली की. औंदा गेली. विहिरीतनं वर काढली तवा बघितलं मी, हात पोरीवानी नितळ. म्हणलं, निदान त्येवढं तरी.

— छ्या. डॉक्टरकडं येईचना. म्हणं, त्यो गोळी देईल. लिंबाचा पाला वाटून लावायची.

— चालायची. रातभर. घर ते विहीर, विहीर ते घर. म्हणायची, पाय बसूच देत न्हाईत. पोटात कायतरी पळतंय म्हणायची.

— जेवायची, तेच तर. पुण्याचं औषिद चालू व्हतं तवा घास जात न्हवता. आता रातच्याला उठून शिळी भाकर खायची.

— हां. एक हाय. ह्ये बघा. आळेफाट्यावरनं झोपंच्या गोळ्यांचं पाकीट आणलं व्हतं. फोडलेलंबी न्हाई. पाया पडलो तिच्या, एक घे, झोप. माझ्यापायी घे. तर म्हणली, पोरीच्या डोक्यावर हात हाय माझा.

— खिशात असतं. टाकवत न्हाई.

— जबरदस्तीनं तोंडात घातली असती, तर जिती असती का वो ती?

चार

हनुमंताची आई कुशाबाई चुलीपाशी बसून कांदा चिरत होती. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण सुरी बोटांना ओळखत होती. सासू-सुनेचं फारसं नव्हतं, हे कुंडलिकला पहिल्यापासून ठाऊक होतं. गावानं तर आताच कुशाबाईकडं बोट दाखवायला सुरुवात केली होती.

"इचारा," ती म्हणाली. "समद्यास्नी इचारून झालं, आता म्हातारी ऱ्हायली."

"मावशी, इंद्रा काय खायची, काय प्यायची?"

"आमी खाऊ त्येच. वायलं शिजवत न्हवतो तिच्यापायी." सुरी थांबली नाही. "चा मातुर लई गोड लागायचा बाईला. साखर कशी संपायची म्हणून सांगू, मुंग्या लागल्यावानी. तरी म्हणायची, आत्याबाई, चा कडू लागतोय. म्या म्हणलं, जिभंला रोग झाला तुझ्या."

"चहा तीच करायची?"

"ती कुठली चुलीपाशी बसतीय. अंगाला आग, धूर लागला का पेटायची नुसती. पोरगीच करायची समदं. बारावीचं पुस्तक हितं, तवा हितं. चा, भाकरी, धुणं. लई केलं पोरीनं आईचं." कुशाबाईनं पदरानं डोळे पुसले. "कांदा हाय," ती म्हणाली.

कुंडलिकची नजर फडताळावर गेली. मिठाच्या बरणीशेजारी एक पत्र्याचा डबा. त्यानं झाकण काढून वास घेतला. सुंठ, हिंग आणि आणखी काही.

"हे काय?"

"गुडघ्याची पुडी. जानकूनं बेल्ह्याच्या बाजारातनं आणली व्हती, वैदूकडनं. लई गुण आला. पळाय लागले व्हते मी."

"मग आता घेत नाही?"

"संपली," कुशाबाई म्हणाली, आणि मोतीबिंदू झालेले डोळे दाराबाहेर, उन्हाकडं लावून बसली. जरा जास्तच मन लावून.

कुंडलिकनं डबा हळूच खाली ठेवला. हे तोंड त्यानं हजार गाड्यांत पाहिलं होतं.

पाच

सोमवारी तो बेल्ह्याच्या बाजारात गेला. जानकू बैलांच्या रांगेत दात बघत हिंडत होता. धूळ, टेम्पोचे भोंगे, शेणाचा आणि भज्यांचा एकत्र वास.

"पुडी?" जानकू हसला. "आय काय म्हणली, संपली? संपली न्हाई राव, उकिरड्यात टाकली तिनं. संक्रांतीच्या आधीच. मी बैलास्नी वैरण टाकत व्हतो, बघितलं की. मला वाटंल वाईट म्हणून लपीवतीय आजून."

"टाकली का पण?"

"पाय सुजलं व्हतं ना तिचं. आन तोंड कसं, हे असं." त्यानं दोन्ही हातांनी हवेत एक टोपली केली. "त्या वैदूचं औषिद अंगावर आलं. गुडघं झालं बरं, पर बाईच वळखंना."

खोटं बोललेल्या म्हातारीची चोरी एवढीच निघाली. धाकट्या लेकाच्या मायेनं आणलेलं औषध फेकलं, याची लाज. कुंडलिक परत फिरला. कडेला कासाराची पाटी मांडलेली होती, तिथून हाक आली.

"घोडेगावचं पावणं ना तुमी? लई वाईट झालं बहिणीचं. आन तब्येत तर काय सुधारली व्हती. होळीला बांगड्या भराय आली व्हती, माप चढंना. मनगटं भरल्याली, गाल हे असं गोल. म्या म्हणलं, वैनी, माहेरी जाऊन आला का काय?"

"गाल गोल?"

"टोपलीवानी," कासार म्हणाला.

बाजाराच्या मधोमध कुंडलिक उभा राहिला. एकाच घरात दोन बायका, दोघींची तोंडं टोपलीसारखी. एकीची पुडी संक्रांतीआधी उकिरड्यात गेली. दुसरीला खाज उठली ती संक्रांतीनंतर.

मग दुसरीला कुणी काय दिलं?

सहा

"तोंड गोल," पुण्याच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "भूक वाढलेली, पावसापर्यंत न जाणारी खाज गेली, आणि झोपही गेली. चारही एकाच औषधानं होतं, कुंडलिकराव. स्टिरॉइड. बाजारातल्या पुड्यांतही पुष्कळदा तेच न सांगता घातलेलं असतं. खाजेवर डॉक्टर त्याच्या गोळ्या देतात. छोट्या, पांढऱ्या. चवीला फार कडू."

"विष आहे का?"

"नाही हो. लाखो लोकांना लागतं, जीव वाचवतं. पण तुमची बहीण वेगळी होती." बाई थांबल्या. समोरचा माणूस एस्टीतला आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. "इतकी वर्षं तिच्या मेंदूचा ब्रेक ती गोळी दाबत होती. गोळी सुटली, आता मेंदू स्वतःचा ब्रेक नव्यानं बसवत होता. त्याला वर्ष लागतं, दोन लागतात. वरून बरं दिसतं, आत सगळं ओलं असतं. अशी गाडी घाटात असताना कुणीतरी ॲक्सिलेटर दाबला. झोप नाही, पाय ठरत नाहीत, मनात नाही नाही ते. तिला वाटलं असणार, जुनं दुखणं परत आलं, आता कधीच जाणार नाही."

"आणि मध्येच बंद केलं, परत दिलं, असं झालं तर?"

"तर आणखी वाईट. मला कुणी विचारलं असतं, तर मी मलम दिलं असतं. गोळी लागलीच असती, तर थोडी, सकाळची, आणि तिला सांगून. सांगून, हे महत्त्वाचं. आपल्याला हे कशानं होतंय एवढं माहीत असलं, तरी माणूस तग धरतं."

शिवाजीनगरहून परतीची गाडी मिळाली तेव्हा कुंडलिक हिशेब मांडत होता. इंद्रा शपथेची पक्की. स्वतःच्या हातानं गोळी घेणार नाही. म्हणजे तिला न कळता, कशात तरी. कडू लागलेला चहा. संपणारी साखर. त्याच्या मनात एकच तोंड होतं, मोतीबिंदूचं, दाराबाहेर बघणारं. सगळी पुडी फेकली कशावरून? थोडी ठेवली असेल. सुनेच्या खाजेवर घातली असेल.

म्हातारीला आज पकडायचीच, असं ठरवून तो आळेफाट्याला उतरला.

सात

कुशाबाई गोठ्यात होती. घरात प्रतीक्षा.

"बसा मामा. चहा टाकते."

तो बसला. चूल पेटली, आधण उकळलं, कप समोर आला. त्यानं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं.

"केवढा गोड गं हा."

"अगं बाई," प्रतीक्षा म्हणाली, आणि तेराव्यानंतर पहिल्यांदाच थोडी हसली. "हाताला सवय लागली. आईला कडू लागायचा ना, म्हणून मी जास्त घालायचे."

कुंडलिकनं कप धरून ठेवला.

बिनतिकिटाची माणसं दोन तऱ्हेची. एक, ज्यानं तिकीट काढलेलं नाही. दुसरं, ज्याला तिकीट काढायचं असतं हेच ठाऊक नाही. दुसऱ्याच्या तोंडावर काही दिसत नाही. ते सरळ तुमच्या डोळ्यांत बघतं आणि सरकून जागा देतं. नोकरीत त्याला अशीच माणसं तेवढी निसटली होती.

"का कडू लागायचा?" त्यानं विचारलं. न विचारता उठून जावं, असं त्याला त्या क्षणी फार वाटलं होतं.

"खाजेची गोळी घालायचे त्यात. बारीक कुटून." ती अगदी साधं बोलत होती. "बघवत नव्हतं हो मामा, पापण्या चिकटायच्या तिच्या. मी एकटीच गेले डॉक्टरकडं, तिला काय होतं ते सांगितलं. ते म्हणाले, आणून दाखव, तोवर आठवडाभर ह्या दे. पण तिची शपथ होती. तिनं घेतली असती तर मोडली असती. तिला न कळता मी दिली, तर ती शपथेबाहेर, नाही का? बंद केली की खाज परत यायची, मग मी दुकानातून आणायचे. कुणी काही विचारायचं नाही."

"आजीला माहीत होतं?"

"कुणालाच नाही. सांगितलं असतं तर आईला कळलं असतं." तिनं गुडघ्यांना मिठी मारली. "तिची झोप काही मला परत आणता आली नाही. पण खाज घालवली मी तिची. तेवढं तरी केलं. तुम्ही बघितले ना तिचे हात, किती छान झाले होते?"

"बघितले," कुंडलिक म्हणाला.

त्यानं तो सगळा चहा प्यायला.

आठ

गोठ्यात कुशाबाई म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. त्यानं सांगितलं. थांबत, तोडत, मध्येच पहिल्यापासून. 

"लाटण्यानं कायतरी कुटायची," शेवटी ती म्हणाली. "म्या म्हणलं, वेलदोडा आसंल. आईचं लाड चाललंत." ती खाली बसली, तशीच शेणात. "सकाळच्याला ती वाट बघायची चाची. म्हणायची, आत्याबाई, पोरीच्या हातचा चा पिला का वाटतं, आजचा दिवस निघंल."

मग तिनं पदराला हात पुसले.

"पोरीला सांगणार तुमी?"

"हात ठेवलाय तिच्या डोक्यावर."

"काय म्हणून ठिवला?"

"खरं काय ते शोधून काढीन म्हणून."

"शोधीन म्हणला. सांगीन म्हणला का?"

कुंडलिकनं मान वर केली. त्या घरातल्या सगळ्या बायका शपथेला अशीच बारीक वाट पाडून जात होत्या, मायेची वाट, आणि त्यातली एक वाट विहिरीपाशी निघाली होती.

"ती इचारल्याबिगर ऱ्हायची न्हाई," कुशाबाई म्हणाली. "मग झोप का गेली, पाय का ठरंनात, समद्याला कायतरी उत्तर लागंल. माझी पुडी हाय की. फेकलेली तिला म्हाईत न्हाई. माझ्यावर घाला."

"मावशी, ती परत तुमच्याशी बोलायची नाही."

"न का बोलंना," कुशाबाई म्हणाली. "जिती राहून न का बोलंना."

नऊ (प्रतीक्षाला सांगितलं ते)

अंगणात हनुमंत होता, जानकू होता. कुंडलिक म्हणाला, "तुझ्या आईनं शपथ मोडली नाही. ट्रंकेतलं पाकीट जुनं, मुदत गेलेलं. तुझ्या बापानं नवं आणलं, तेही तिनं फोडलं नाही. तुझ्या डोक्यावरचा हात तिनं शेवटपर्यंत काढला नाही."

प्रतीक्षा रडली. ते ओझं उतरल्याचं रडणं होतं, सगळ्यांना दिसलं. मग तिनं ओढणी तोंडावरून काढली.

"मग झोप कशानं गेली?"

"माझ्या पुडीनं," कुशाबाई म्हणाली. "गुडघ्याची. म्या तिच्या कालवणात घातली, अंगाला बरं वाटंल म्हणून. पुण्याच्या बाई म्हणत्यात, त्येच्यानंच झालं."

जानकूनं तोंड उघडलं. त्यानं उकिरडा पाहिला होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग कुंडलिककडं, आणि तोंड मिटलं. त्या दिवसापासून जानकू बेल्ह्याच्या बाजारात कमी बोलतो, असं लोक म्हणतात.

प्रतीक्षा उठून म्हातारीसमोर गेली.

"मी तिचा जीव सांभाळत होते, आजी," ती म्हणाली. "आणि तू."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. महिन्याभरात ती मामाकडं घोडेगावला राहायला गेली. सणावारी आली तरी कुशाबाईच्या हातचं खाल्लं नाही, तिला आपल्या हातचं दिलं नाही.

आकडा नसलेलं

आठ वर्षांनी प्रतीक्षा मंचरकडच्या एका दवाखान्यात नर्स होती. एका दुपारी बाई आली, हात-मान लाल, पापण्या चिकटलेल्या. गाजर गवत. नव्या डॉक्टरांनी औषध लिहिता लिहिता विचारलं, "झोपेच्या, टेन्शनच्या गोळ्या कधी घेतल्यात? सोडून किती दिवस झाले?" बाई म्हणाली, घेते की, आता सोडाय बघतीया. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं. "मग ह्या नकोत. ह्या दिल्या तर झोप पार जाईल तुमची." आणि कपाटातून काढलेलं पाकीट परत ठेवायला प्रतीक्षाच्या हातात दिलं.

छोट्या, पांढऱ्या गोळ्या.

संध्याकाळी ती घरी आली, चपला न काढता मामासमोर उभी राहिली.

"आईची खाज मी घालवली होती," ती म्हणाली. "मग आजीची पुडी कुठं बसते यात?"

कुंडलिक खिडकीबाहेर बघायला लागला. रस्त्यावर काहीच नव्हतं.

"मामा, तुमचं तोंड बिनतिकिटाचं दिसतंय."

तो म्हातारा झाला होता. त्याला नुसता हात पुढं करता आला. तिनं तो धरला नाही, झटकलाही नाही.

"तेव्हाच शोधलं होतंत?"

"तेव्हाच."

"माझ्या हातच्या चहावर."

"हो."

ती चुलीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कुंडलिक दाराबाहेर बसून राहिला. दुसरं काही तपासायला त्याला येत नव्हतं, आत श्वास चालू आहे तेवढं तो ऐकत राहिला.

सकाळी पहिल्या गाडीनं दोघं पिंपरी पेंढारला, तिच्या गावी, निघाले.  घरी कुशाबाई ओसरीवर पोत्यावर बसलेली, डोळे आता पूर्ण गेलेले. प्रतीक्षा तिच्याकडं न बघता आत गेली. चूल पेटल्याचा आवाज आला, मग भांड्याचा.

"कोण हाय आत?" कुशाबाईनं विचारलं.

"मी."

म्हातारीचे हात मांडीवर थांबले. आठ वर्षं जे ऐकायचं नव्हतं, ते तिला त्या एका शब्दात ऐकू आलं असावं.

"म्या दिली व्हती पुडी," ती मोठ्यानं म्हणाली. "माझ्या हातानं. तुला काय म्हाईत, तू ल्हान व्हतीस."

प्रतीक्षा कप घेऊन बाहेर आली आणि समोर बसली.

"कालवणात घातली व्हती," कुशाबाई म्हणाली. "शेवग्याच्या. मला चांगलं याद हाय."

"आजी, चहा घे."

कुशाबाईनं कप घेतला नाही. तिनं चाचपडत नातीचा हात शोधला आणि ओढून स्वतःच्या पांढऱ्या डोक्यावर ठेवला.

"आधी म्हण," ती म्हणाली. "विहिरीकडं जाणार न्हाई म्हण. नीट म्हण. वाट ठिवू नगंस त्यात."

उंबऱ्याशी उभ्या कुंडलिकला प्रतीक्षाचा चेहरा दिसत नव्हता, नुसती पाठ हलत होती. ती थांबायची वाट बघावी लागली.

"न्हाई जाणार," प्रतीक्षा लहानपणीच्या बोलीत म्हणाली. "विहिरीकडं न्हाई, दुसरीकडं कुठं न्हाई. कुणाला कळून न्हाई आन न कळता न्हाई."

मग म्हातारीनं मोकळा हात पुढं केला. त्यात कप आला. काय घातलं, किती घातलं, काही न विचारता तिनं तो तोंडाला लावला. नातीचा हात तिच्या डोक्यावर तसाच होता.